नाव, फळ आणि गुण : ‘गोजी’ ह्या शब्दाचा व पदार्थाचा विचार

१

‘जरीपटका’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकास मराठ्यांच्या भरजरी निशाणाचे स्मरण होते. नागपुरात मात्र ह्या शब्दाचा रूढ अर्थ वेगळा आहे. शहराच्या उत्तर भागातील ज्या वस्तीचे हे नाव, तिच्यात १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. आणि आज जरीपटका म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे सिंधी व्यापाऱ्यांची गजबजलेली पेठ उभी राहते. नाव मराठी, वस्ती मुख्यत्वे सिंधी आणि देवघेव मराठी, हिंदी व सिंधी अशा तिन्ही भाषांत, असे हे स्थळ भाषेच्या अभ्यासकास स्वभावतःच आकर्षक वाटावे. अशा पेठेत नव्या जिनसेबरोबर नवा शब्द येतो आणि शब्दाबरोबर त्या जिनसेविषयीचे समजही येतात.

अलीकडे सुकामेव्याच्या दुकानांत बदाम, अंजीर व मनुका यांच्या शेजारी एक तांबूस, लांबट, सुरकुतलेले फळ दिसू लागले आहे. त्याला ‘गोजी’ किंवा ‘गोजी बेरी’ म्हणतात. दृष्टी सुधारते, रक्तातील साखर आटोक्यात राहते, वार्धक्य दूर राहते, असे अनेक गुण त्याला चिकटविले जातात. यांपैकी किती गुण फळाचे आहेत आणि किती केवळ नावाचे आहेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्यासाठी प्रथम वनस्पतीची ओळख, नंतर तिच्या नावांचा इतिहास, त्यानंतर तिच्याच कुलातील आपल्या परिचयाच्या वनस्पती आणि शेवटी तिच्या गुणदोषांविषयी उपलब्ध असलेला पुरावा, असा क्रम ठेवला आहे. विषय वनस्पतिशास्त्राचा व वैद्यकाचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी शब्दार्थाचा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर क्वचित रुग्णाचे प्राणही अवलंबून राहतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

गोजी हे लायसियम बार्बेरम ह्या झुडपाचे मृदुफळ होय. लायसियम चायनेन्से ही त्याची निकटची जाती असून तिची फळेही कित्येकदा ह्याच नावाने विकली जातात. दोन्ही जाती वांगी, बटाटा, टोमॅटो, मिरची व धोतरा यांच्या कुलातील म्हणजे सोलॅनेसी कुलातील आहेत. झुडूप पुष्कळ फांद्यांचे व बहुधा काटेरी असते. फुले जांभळट आणि फळे पिकल्यावर नारिंगी-तांबडी होतात. व्यापारी लागवड प्रामुख्याने चीनमध्ये होते आणि तेथील निंगशिया प्रांताचे, विशेषतः ह्वांग हो नदीच्या काठच्या चुंगनिंग भागाचे फळ उत्तम मानले जाते. ‘हिमालयी गोजी’ असे शब्द वेष्टनांवर आढळतात, परंतु निंगशिया हिमालयापासून फार दूर, पीत नदीच्या खोऱ्यात आहे. भारतापुरते बोलावयाचे तर लायसियम प्रजातीची झुडपे राजस्थानच्या रुक्ष प्रदेशात आढळतात व तेथे त्यांस ‘मुराली’ म्हणतात. त्याच प्रजातीची काळ्या फळांची एक जाती लडाखमध्ये उगवते. लडाखमधील सुप्रसिद्ध नारिंगी फळ मात्र सी-बकथॉर्नचे असून त्याचे कुलच निराळे आहे. दोन्ही फळे लहान, दोन्ही तांबूस आणि दोन्ही थंड प्रदेशाच्या नावाने विकली जातात, एवढ्यावरून त्यांची गल्लत करणे योग्य नव्हे.

चिनी वैद्यकात ह्या वनस्पतीचा उपयोग पुरातन आहे. शन्नुंग ह्या पौराणिक राजाच्या नावावर असलेल्या आद्य औषधिग्रंथात तिची गणना श्रेष्ठ वर्गातील, म्हणजे दीर्घकाल सेवन करण्यास योग्य अशा द्रव्यांत केली आहे. ली शिचन याच्या १५९६ साली छापलेल्या महान संग्रहातही तिचे विवेचन आहे. फळ, पान व मुळाची साल यांचे उपयोग त्या परंपरेत भिन्न आहेत. फळ यकृत व मूत्रपिंड यांस बल देणारे व दृष्टीस हितकर समजतात. मुळाच्या सालीचा उपयोग ज्वरावर करतात. पानांची भाजी व चहा होतो. फळ घरोघरी भाताच्या पेजेत, मांसाच्या रश्श्यात व उकळत्या पाण्यात घालून घेतात. चीनच्या औषधिसंहितेत फळाची मात्रा दिवसाला ६ ते १२ ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे लहानशी मूठभर फळे, रोजच्या स्वयंपाकात मिसळून, हा तेथील व्यवहार होय. बाटलीत भरलेला अर्क किंवा चूर्णाच्या गोळ्या ही त्या परंपरेची थेट संतती मानता येत नाही.

३

आता नावाकडे वळू. चिनी भाषेत झुडपाचे नाव ‘कोउ-छी’ असे आहे. त्याचे पहिले व्यंजन अघोष अल्पप्राण असून दुसरे अघोष महाप्राण तालव्य आहे. रोमन लिप्यंतरात पहिल्या व्यंजनासाठी जे अक्षर योजतात, ते इंग्रजी वाचकास ‘ग’ भासते. दुसऱ्या व्यंजनाला इंग्रजीत नेमका प्रतिध्वनी नाही. ह्या दुहेरी अडचणीतून ‘गोजी’ हे सुटसुटीत रूप निघाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापाराने ते जगभर पसरविले. मूळ शब्दातील दोन्ही अघोष व्यंजने अशा प्रकारे घोष झाली. भारतीय भाषांना अघोष-घोष व अल्पप्राण-महाप्राण हे दोन्ही भेद उत्तम प्रकारे दाखविता येतात. तरीही शब्द चीनमधून थेट न येता इंग्रजीच्या वाटेने आल्यामुळे इंग्रजी कानाची चूक मराठीत जशीच्या तशी उतरली. ‘चहा’ आणि ‘लिची’ हे शब्दही मुळात चिनीच. पण त्यांत मूळ व्यंजनांचे अघोषत्व टिकून राहिले आहे.

मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत, एक दंततालव्य व दुसरा तालव्य. इकारापूर्वी तालव्य उच्चारच होत असल्याने ‘गोजी’ हा शब्द मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत सहज सामावतो. इतकेच नव्हे, तर ‘गोजिरा’, ‘गोजिरवाणा’ ह्या शब्दांच्या सान्निध्यामुळे तो कानाला ओळखीचा व प्रियही वाटतो. परका शब्द असा आपलासा वाटू लागला की त्याच्या व्युत्पत्तीविषयी लोकबुद्धी स्वतःचे तर्क करू लागते. येथे एका संभाव्य भ्रमाची नोंद करणे अवश्य आहे. आयुर्वेदात ‘गोजिव्हा’ नावाचे द्रव्य प्रसिद्ध आहे. बैलाच्या जिभेसारखे खरखरीत पान, म्हणून गोजिव्हा. आणि युनानी परंपरेतील ‘गावजबान’ हा फारसी शब्द अक्षरशः ह्याच अर्थाचा आहे. ही दोन नावे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वनस्पतींना दिली गेली आहेत, ही गोष्ट अलाहिदा. परंतु त्यांपैकी कोणत्याही वनस्पतीचा गोजीशी संबंध नाही. ‘गोजी म्हणजे आपली प्राचीन गोजिव्हाच’ असे विधान कोणी केल्यास ते केवळ ध्वनिसाम्यावर उभे आहे असे समजावे.

चीनमधून आलेल्या फळांना भारतीयांनी पूर्वी स्वतःची नावे दिली होती, याचा एक उत्तम दाखला ह्युएन त्संगच्या प्रवासवृत्तात मिळतो. कनिष्काच्या काळी चीनच्या बाजूने आलेल्या ओलिसांनी पीच व नासपती ही फळे ह्या देशात आणली आणि त्यांस अनुक्रमे ‘चीनानी’ व ‘चीनराजपुत्र’ अशी नावे पडली, असे तो सांगतो. ह्या नावांत फळाचे मूळस्थान स्पष्ट सांगितले आहे. त्याच्या गुणाविषयी कसलेही आश्वासन नाही. ‘गोजी’ ह्या नावाची स्थिती नेमकी उलट आहे. ते मूळस्थान झाकते आणि त्याभोवती गुंफलेल्या जाहिरातीमुळे आश्वासन तेवढे पुढे करते.

४

शास्त्रीय नावाचा इतिहास याहूनही उद्बोधक आहे, आणि त्याचा एक धागा सिंधच्या किनाऱ्याशी जाऊन भिडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस ह्या ग्रीक वैद्याने ‘लुकिऑन’ नावाच्या औषधाचे वर्णन केले आहे. आशिया मायनरमधील लिसिया प्रांतावरून हे नाव पडले. एका काटेरी झुडपाचा काढा आटवून केलेला हा घन अर्क नेत्ररोगांवर वापरीत. डायोस्कोरिडीसच्या मते भारतातून येणारे लुकिऑन सर्वांत श्रेष्ठ. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत सिंधूच्या मुखावरील बार्बरिकॉन आणि भडोच ह्या दोन बंदरांतून निर्यात होणाऱ्या मालात लुकिऑनचा उल्लेख आहे.

हे भारतीय लुकिऑन म्हणजे काय, ह्याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन फोर्ब्ज रॉयल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने केला. सहारनपूरच्या उद्यानाचा प्रमुख असताना त्याने उत्तर भारतातील बाजारांत मिळणारे ‘रसौत’ पाहिले आणि प्राचीन लुकिऑन तेच, असे प्रतिपादन केले. रसौत म्हणजे संस्कृतातील रसांजन. ते दारुहळदीपासून करतात व आयुर्वेदातही त्याचा प्रधान उपयोग नेत्ररोगांतच सांगितला आहे. दारुहळदीच्या एका हिमालयीन जातीला रॉयलने दिलेल्या ‘बर्बेरिस लायसियम’ ह्या नावात हा शोध कायमचा नोंदला गेला आहे.

परंतु तत्पूर्वीच, १७५३ साली, लिनीअसने ‘लायसियम’ हे प्राचीन नाव उचलून ते भलत्याच प्रजातीला, म्हणजे आजच्या गोजीच्या प्रजातीला दिले होते. परिणामी एकाच शब्दाच्या पोटी दोन वनस्पती आल्या. ग्रीकांचे लुकिऑन दारुहळदीच्या कुलाकडे बोट दाखविते. शास्त्रज्ञांचे लायसियम वांग्याच्या कुलाकडे. ‘ग्रीक व भारतीय वैद्यांनी लायसियमची डोळ्यांसाठी प्रशंसा केली आहे’ हे वाक्य शब्दशः खरे आहे आणि गोजीविषयी ते पूर्णतः खोटे आहे. चिनी परंपरेतही हे फळ दृष्टीस हितकर मानलेले असल्याने हा घोटाळा अधिकच सहज घडतो. योगायोगाने जुळलेल्या दोन स्वतंत्र परंपरा एकमेकींच्या साक्षीदार म्हणून उभ्या केल्या जातात. ‘बार्बेरम’ हे जातिवाचक विशेषण आणि ‘बार्बरिकॉन’ हे बंदर यांच्यातील साम्यावरूनही सिंधचा संबंध जोडण्याचा मोह होईल. पण लिनीअसच्या विशेषणाचा त्या बंदराशी संबंध असल्याचा पुरावा नाही.

नावाची अशीच एक फसगत इंग्लंडात झाली. अठराव्या शतकात आर्गाइलच्या ड्यूककडे चहाचे झुडूप व हे झुडूप अशी दोन रोपे आली आणि त्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, अशी कथा आहे. इंग्रजीत ह्या झुडपाला आजही ‘ड्यूक ऑफ आर्गाइलचे चहाचे झाड’ म्हणतात. एक चिठ्ठी चुकली आणि चूक शब्दकोशात स्थिर झाली.

५

जरीपटक्याच्या पेठेत गोजीचे एक सगोत्र फळ मात्र पूर्वापार परिचित आहे. हिंदीत त्याला ‘पनीर डोडी’ किंवा ‘पनीर फूल’ म्हणतात. शास्त्रीय नाव विथानिया कोअॅग्युलन्स. सिंध, बलुचिस्तान व अफगाणिस्तान ह्या प्रदेशांत हे झुडूप रानोमाळ वाढते. फळाभोवती वाळलेल्या संवर्ताचे कागदासारखे आवरण असते. त्या प्रदेशांत दूध फाडून पनीर करण्यासाठी ह्या फळाचा उपयोग करीत. त्यात दूध साकळविणारा एंझाइम असल्याचे शेरिडन ली ह्या शास्त्रज्ञाने १८८३ साली प्रसिद्ध केले.

सिंधी भाषेतील त्याचे जुने नाव ‘पुनीर जा फोटा’ असे नोंदलेले आहे. सिंधीतील ‘जो’ हा षष्ठीचा प्रत्यय मराठीतील ‘चा’प्रमाणे पुढील नामाच्या लिंगवचनानुसार बदलतो, ‘फोटा’ हे पुल्लिंगी अनेकवचन, म्हणून ‘जा’. ‘फोटो’ म्हणजे वेलदोडा. तेव्हा संपूर्ण नावाचा अर्थ ‘पनीराचे वेलदोडे’ असा होतो. मराठी ‘वेलदोडा’ ह्या शब्दातील ‘दोडा’ आणि हिंदी ‘डोडी’ हे दोन्ही शब्द बीजांनी भरलेल्या बोंडाचे वाचक आहेत. म्हणजे सिंधी, हिंदी व मराठी ह्या तिन्ही भाषांनी बोंडाचे एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवून नावे घडविली आहेत. ‘पनीर फूल’ हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे, कारण वस्तू फूल नसून फळ आहे.

आज ही फळे रात्री पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी मधुमेहावर पिण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. ‘पुनीर जा फोटा’ ह्या नावात फळाचे रूप सांगितले आहे आणि दूध साकळविण्याचे कार्य सांगितले आहे. हे कार्य कोणालाही भांड्यात पडताळून पाहता येते. मधुमेहाचा उल्लेख नावात नाही; तो गुण व्यवहाराने पुढे जोडला आणि त्याचा पडताळा भांड्यात पाहता येत नाही. प्राण्यांवरील प्रयोग व माणसांवरील थोडे लहान अभ्यास यांपलीकडे त्याचा पुरावा गेलेला नाही.

ह्याच प्रजातीतील दुसरी वनस्पती अश्वगंधा, मराठीत ‘आसंध’. संस्कृत ‘अश्वगंधा’तील ‘श्व’चा प्राकृतात ‘स्स’ झाला, पुढे एका ‘स’चा लोप होऊन पूर्वीचा स्वर दीर्घ झाला आणि मधला ‘ग’ गळून ‘आसंध’ हे रूप सिद्ध झाले. शतकानुशतके जिभेवर घोळल्याखेरीज शब्दाला असे रूप येत नाही. म्हणून ‘आसंध’ हा शब्दच त्या वनस्पतीशी असलेल्या आपल्या दीर्घ परिचयाचा पुरावा आहे. बाजारात ‘नागोरी’ आसंध श्रेष्ठ समजतात. ते विशेषण राजस्थानातील नागौरचे असून नागपूरचे नव्हे. आसंधाचेही फळ लहान व तांबडे असते. परंतु औषधात प्रामुख्याने त्याचे मूळ घेतात. शेतांच्या बांधांवर उगवणारी कामोणी, म्हणजे काकमाची, हीदेखील ह्याच कुलातील. तिची पिकलेली फळे मुले खातात, कोवळी पाने शिजवून भाजी करतात, पण हिरवी फळे विषारी असू शकतात. ह्या कुलाचा स्वभावच असा आहे की एकाच घरात अन्न, औषध व विष नांदतात. गोजीच्या फळांतही धोतऱ्यातील अॅट्रोपीन असावे अशी शंका घेतली गेली होती; २००६ साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणात ते अब्जांशांत मोजण्याइतके अल्प आढळले आणि ती शंका दूर झाली. यावरून एवढे दिसते की सगोत्र असणे हे ना गुणाचे प्रमाण, ना दोषाचे. प्रत्येक फळाचे परीक्षण स्वतंत्रपणे करावे लागते.

६

अन्न म्हणून गोजीचे मूल्य काय? अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकाप्रमाणे १०० ग्रॅम वाळलेल्या गोजीत सुमारे ३४९ कॅलरी उष्मांक, १४ ग्रॅम प्रथिने, ७७ ग्रॅम कर्बोदके, त्यांपैकी सुमारे ४६ ग्रॅम शर्करा, १३ ग्रॅम तंतू, ६.८ मिलिग्रॅम लोह आणि ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. मनुकांत प्रथिने ३ ग्रॅमच्या आसपास असतात, हे लक्षात घेता सुकामेव्यात गोजीचे स्थान चांगले आहे. परंतु कोष्टकातील आकडा १०० ग्रॅमचा आहे आणि खाण्याची रीत १० ग्रॅमची. तेवढ्या मात्रेत प्रथिने दीड ग्रॅमहून कमी व क जीवनसत्त्व सुमारे ५ मिलिग्रॅम मिळते. त्या जीवनसत्त्वासाठी एक आवळा कितीतरी अधिक उपयोगी व स्वस्त. शिवाय ‘मधुमेहावर गुणकारी’ म्हणून मुठीमुठीने खाल्ल्या जाणाऱ्या ह्या फळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग शर्करा आहे, ही गोष्ट मधुमेही व्यक्तीने दृष्टीआड करता कामा नये.

गोजीचे खरे वैशिष्ट्य त्यातील झीअॅक्झँथिन ह्या पिवळ्या रंगद्रव्यात आहे. मक्याचे शास्त्रीय नाव ‘झीआ’ आणि ‘पिवळा’ ह्या अर्थाचा ग्रीक शब्द ‘झँथोस’ यांच्या संयोगाने हे नाव बनले आहे, कारण हे द्रव्य मक्याच्या दाण्यातही असते. डोळ्याच्या दृष्टिपटलावरील पीतबिंदूत ते साठते व तीव्र निळ्या प्रकाशापासून त्या भागाचे रक्षण करते असे मानतात. २०२१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ४५ ते ६५ वयाच्या २७ निरोगी व्यक्तींवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १३ जणांना आठवड्यातून पाच वेळा २८ ग्रॅम गोजी ९० दिवस दिली, तर इतरांना डोळ्यांसाठी विकले जाणारे पूरक औषध दिले. गोजी खाणाऱ्यांच्या पीतबिंदूतील रंगद्रव्याची घनता वाढली; दुसऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही.

हा निष्कर्ष स्वागतार्ह आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. व्यक्ती थोड्या होत्या, निरोगी होत्या, काल तीन महिन्यांचा होता, आणि मोजले ते रंगद्रव्य. दृष्टी गेली होती आणि ती परत आली असे काही मोजलेले नाही. ‘दृष्टीस हितकर असू शकेल’ आणि ‘दृष्टिदोष बरा होतो’ ह्या दोन वाक्यांतील अंतर व्याकरणदृष्ट्या एका क्रियापदाचे आहे. वैद्यकदृष्ट्या ते फार मोठे आहे. दीर्घायुष्याच्या आश्वासनाला तर एवढाही आधार नाही. गोजीच्या जाहिरातींत ली छिंग-युएन ह्या चिनी वनौषधिविक्रेत्याचे नाव वारंवार येते. १९३३ साली तो मरण पावला तेव्हा त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक होते असे वृत्त पसरले होते. ते वय सिद्ध करणारी विश्वसनीय जन्मनोंद नाही.

७

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे विवेचन केले, तिच्याकडे येऊ. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हृदयविकाराच्या व झडपांच्या कित्येक रुग्णांना वॉर्फरिन हे औषध दिले जाते. त्याची मात्रा नाजूक असते. आय्. एन्. आर्. ह्या परिमाणाने रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती मोजतात आणि बहुतेक रुग्णांत ते २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय वृत्तांतात ६१ वर्षांच्या एका चिनी स्त्रीची हकिकत आहे. वॉर्फरिनच्या ठराविक मात्रेवर तिचे परिमाण स्थिर होते; ते एकाएकी ४.१ वर गेले. औषधात बदल झालेला नव्हता. चौकशीअंती कळले की चार दिवसांपासून ती लायसियमच्या फळांचा दाट काढा रोज तीन-चार पेले घेत होती. काढा बंद केल्यावर परिमाण पूर्ववत झाले. पुढेही असे वृत्तांत प्रसिद्ध झाले आहेत. परिमाण असे वाढल्यास शरीरात रक्तस्राव होण्याचा धोका असतो; म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्यांनी गोजी टाळावी, असेच वैद्य सांगतात. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनीही वैद्याला विचारल्याशिवाय ती नित्य घेऊ नये. ज्यांना पीच किंवा टोमॅटोची अॅलर्जी आहे अशा काही व्यक्तींना गोजीनेही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

ह्या हकिकतीतील मर्म भाषिक आहे. वैद्य रुग्णास विचारतो, ‘दुसरे काही औषध घेता का?’ आणि रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. कारण गोजी सुकामेव्याच्या दुकानातून आली आहे आणि सुकामेवा औषध नव्हे. पनीर डोडीचे पाणी हेही त्याच्या दृष्टीने ‘पाणी’च. अन्न आणि औषध असे दोनच कप्पे प्रश्नात असतील, तर ह्या दोहोंच्या सीमेवरील प्रत्येक वस्तू उत्तरातून निसटते. चिनी भाषेत हा सीमाप्रदेश उघडपणे मान्य केलेला आहे. अन्न व औषध यांचा उगम एकच, अशी म्हणच तेथे आहे, आणि २००२ साली चीनच्या आरोग्य मंत्रालयाने अन्न व औषध अशा दोन्ही रीतींनी वापरता येणाऱ्या द्रव्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत गोजीचा समावेश आहे.

मराठीत असा शब्द नाही असे समजण्याचे कारण नाही. ‘पथ्य’ हा शब्द आपल्याकडे नेमके हेच काम करतो. पथ्य म्हणजे केवळ वर्ज्य पदार्थांची यादी नव्हे. प्रकृतीला मानवणारे व औषधाला साहाय्य करणारे अन्न, हा त्याचा मूळ अर्थ. ‘पथ्यपाणी’, ‘अनुपान’, ‘पथ्यावर पडणे’ ह्या प्रयोगांत तो आजही जिवंत आहे. पथ्याच्या कल्पनेत प्रत्येक पदार्थाला ‘कोणाला, कोणत्या अवस्थेत, किती’ हे तीन प्रश्न विचारले जातात. एखादे फळ सर्वांना, सर्वकाळी, कितीही हितकर, ही कल्पनाच पथ्याच्या विचारात बसत नाही. ‘सुपरफूड’ ह्या आधुनिक शब्दाने मात्र हे तिन्ही प्रश्न एकदम पुसून टाकले आहेत.

यास्तव दोन व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. पहिली वैद्यकाच्या क्षेत्रातील : जरीपटक्यासारख्या बहुभाषिक वस्तीत रुग्णाला ‘काही औषध घेता का’ एवढेच न विचारता, ‘नेहमीच्या जेवणाखेरीज प्रकृतीसाठी म्हणून काही खाता, पिता, भिजवून घेता का’ असे विचारावे, आणि ते त्याच्या बोलीत विचारावे. ‘भिजवून’ हा एक शब्द पुष्कळ दडलेल्या वस्तू बाहेर काढील. दुसरी सूचना भाषाविषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी : नागपूरच्या पेठांतून विकल्या जाणाऱ्या वनस्पतिद्रव्यांची मराठी, हिंदी व सिंधी नावे, प्रत्यक्ष नमुने आणि शास्त्रीय नावे यांचा तुलनात्मक कोश तयार करणे हे प्रबंधास योग्य असे काम आहे. सिंधमध्ये जन्मलेली, ही नावे जुन्या उच्चारांसह जाणणारी पिढी आता अतिशय वृद्ध झाली आहे. ‘पुनीर जा फोटा’ म्हणणारे ओठ मिटले की मागे ‘पनीर फूल’ तेवढे उरेल, आणि त्याबरोबर फळाच्या रूपाची व कार्याची एक अचूक नोंदही नाहीशी होईल.

गोजीविषयीचा निर्णय मग कठीण राहत नाही. हे एक चांगले, रुचकर, थोडेसे महाग फळ आहे. निरोगी माणसाने ते मूठभर खावे, खिरीत घालावे, दुधात भिजवावे. वैद्याची औषधे चालू असलेल्याने आधी विचारावे. दीर्घायुष्य हवे असणाऱ्याने ते गोजीच्या नावात शोधू नये.